साळिंदर, कांडेसर आणि आठ बाय चारचा पत्रा

जव्हारहून परत येऊन आता महिना होईल, तरी शेजारची शालन भेटली की तेच विचारते, "एका बोर्डासाठी एवढ्या लांब कोण जातं गं?" मी तिला दोनदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगण्यापेक्षा लिहून काढलेलं बरं, म्हणजे शालनसारख्या ज्या कोणी गेल्या नाहीत त्यांनाही वाचता येईल.

मी कराडची. बोर्ड रंगवते. वडिलांचा धंदा होता, त्यांच्या हाताखाली शिकले आणि त्यांच्या मागे दुकान चालवलं. फ्लेक्स आला तसे गावातले बाकीचे पेंटर कुणी रिक्षा घेतली, कुणी फ्लेक्सचंच यंत्र घेतलं. मी शाळांच्या भिंती, देवळांच्या पाट्या आणि वनखात्याचे पत्रे यांवर तग धरून राहिले. वनखात्याच्या अशाच एका नाक्यावर मी काढलेला गवा आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात प्रशिक्षणाला आलेल्या एका वनरक्षक मुलीनं तो पाहिला आणि बोर्डाच्या कोपऱ्यातला माझा नंबर उतरवून घेतला. तिचं नाव सुनंदा. ती जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची, आणि नेमणूकही तिला तिथंच मिळाली.

डिसेंबरात तिचा फोन आला.

"ताई, आमच्याकडे फ्लेक्सवरचा बिबट्या एक पावसाळा काढतो. दुसऱ्यात फाटतो, मग लोक तो पेंढ्यावर झाकायला नेतात. मला पत्र्यावर हातानं काढलेलं पाहिजे. गावच्या समितीनं पत्रा आणून ठेवलाय, आठ बाय चारचा. एका बोर्डावर दोन प्राणी, शेजारी शेजारी."

"कुठले?"

"एक साळिंदर, एक कांडेसर."

साळिंदर मला माहीत होतं. कांडेसर हा मला दागिन्याचा प्रकार वाटला. हे मी तिला तेव्हा बोलले नाही.

मोखाडा, सोमवार

कराड ते नाशिक या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. त्र्यंबक मागे पडलं आणि रस्ता डोंगरात शिरला तशी मात्र मी खिडकीशी सरकले. आमच्याकडे जानेवारीत शिवारात ऊस उभा असतो, डोळ्यांना सगळीकडे हिरवं. इथं भात निघून गेलेला, खाचरांत नुसती धसकटं, उतारावरचं गवत कापून नेलेलं, आणि पेंढ्याच्या गंज्या जमिनीवर नाहीत तर लाकडी माचांवर रचलेल्या. डोंगर इतके उघडे दिसत होते की त्यांची प्रत्येक घडी मोजावी.

मोखाड्याच्या स्टँडवर उतरले तर सुनंदा मोटारसायकल घेऊन उभी. खाकी गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा. रंगाचे डबे, ब्रशांची पेटी, माझी पिशवी आणि मी असं सगळं तिनं गाडीवर कसं बसवलं ते तिलाच ठाऊक. तीन-चार वळणं झाली आणि माझ्या मांडीला ओलं लागलं. पांढऱ्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं होतं. माझी सलवार, गाडीची सीट आणि मागची नंबरप्लेट, सगळं पांढरं. सुनंदानं गाडी थांबवली, पाहिलं आणि म्हणाली, "आता पोलिसांनी धरलं तर सांगू, नंबर रंगवायला टाकलाय." मग दोघींनी रस्त्याकडेला बसून रॉकेलच्या फडक्यानं नंबरप्लेट पुसली. जीपमधून जाणाऱ्या बायका वाकून वाकून बघत होत्या.

पाडा दाभोशाच्या धबधब्याच्या बाजूला, नदीच्या वर आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सुनंदानं बजावलंय की दुर्मिळ पाखराच्या घरट्याची जागा छापायची नसते.

मंगळवार

"बघितल्याशिवाय काढायचं नाही," सुनंदा सकाळीच म्हणाली. मला फोटो चालला असता, पण तिचं म्हणणं पटलं.

नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर जानूबाबांचं शेत आहे. सत्तरीचे असावेत, अंगानं सडसडीत, डोक्याला फडकं, हातात काठी. बायको वारलेली, मुलगा भिवंडीला कामाला, घरी सून यमुना. शेताच्या कडेला रस्त्यालगत एक सावर उभी आहे. पानं झडलेली, खोडावर बोथट काटे. वरच्या दुबेळक्यात काटक्यांचा मोठा ढीग.

"थांबा इथं," जानूबाबा म्हणाले. "जवळ नाय जायचं."

थोड्या वेळानं नदीकडून एक पक्षी आला. एवढा मोठा पक्षी मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला. अंग काळं, पण उन्हात वळला की त्यावर जांभळी-हिरवी झाक. मान पांढरीशुभ्र, लोकरीचा मफलर गुंडाळल्यासारखी. डोक्यावर काळी टोपी, पाय लाल. घरट्यावर उतरताच आतून तीन माना वर आल्या, आणि चोचींचा कटकट आवाज सुरू झाला.

"हाच कांडेसर," सुनंदा हळूच म्हणाली.

"आमच्या कृष्णाकाठी बगळे खूप," मी म्हटलं, "हा त्यांच्यातलाच ना?"

उत्तर जानूबाबांनी दिलं. "नाय बाय. बगळा उडताना मान दुमडतो. ह्यो सरळ ठेवतो, भाल्यागत. आणि बगळा घशातून वरडतो, ह्याला आवाजच नाय. चोच वाजवतो निस्ती."

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिच्याच मुलाला पहिला नंबर मिळालाय. "पुस्तकात हेच लिहिलंय ताई, शब्द वेगळे. करकोच्यांचा गण वेगळा, बगळ्यांचा वेगळा. मला हे प्रशिक्षणात कळलं. बाबांना आधीपासून माहीत होतं."

मग साळिंदराकडे. ते रात्रीचं जनावर, दिवसा दिसायचं नाही. नदीच्या दरडीत त्याचं बीळ होतं. तोंडाशी दोन काटे पडलेले, काळे-पांढरे पट्टे असलेले, पेन्सिलीएवढे जाड. बिळात एक जुनं हाड होतं, त्यावर छिन्नीनं तासल्यासारख्या खुणा. जानूबाबांनी त्यांच्या रताळ्यांचा वाफाही दाखवला. अर्धा उकरून टाकलेला.

"आमच्याकडं म्हणतात साळिंदर काटे फेकून मारतं," मी म्हणाले.

"फेकत नाय. पाठ फिरवतं आणि मागं मागं घुसतं. मपल्या कुत्र्याला इचारा." कुत्रा तिथंच होता. नाकाडावर तीन वण.

"हे उंदराच्या गणातलं बरं का, बाबा," सुनंदा म्हणाली.

जानूबाबा हे ऐकून घ्यायला तयार नव्हते. एवढं काटेरी, एवढं जड, आणि उंदीर? सुनंदा म्हणाली, "उंदीर नाही. उंदराच्या गणातलं. कृंतक म्हणतात त्या गणाला, म्हणजे कुरतडणारे. उंदीर, खार, साळिंदर सगळे त्यात. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावं लागतं."

बाबा वळले. घरात गेले आणि वळचणीतून काहीतरी काढून आणलं. साळिंदराचा पुढचा दात होता, विळ्यासारखा वाकडा, नारिंगी. कधीतरी नदीकाठी सापडलेला. त्यांनी तो बोटांत फिरवून फिरवून पाहिला.

"उंदराचा पण असाच," शेवटी म्हणाले. "बारीक असतो. पन रंग ह्योच."

दुपारी यमुनानं नागलीची भाकर, वालाचं कालवण आणि पाट्यावर वाटलेली सुकटीची चटणी वाढली. मी ज्वारीवर वाढलेली, नागलीची भाकरी आमच्याकडे आजारी माणसाला देतात. मी एक खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. यमुना दहावी शिकलेली. तिनं विचारलं, बोर्डावर काय काय लिहिणार? सुनंदानं सांगितलं: वर्ग, गण, कूळ आणि जगातली स्थिती, म्हणजे जगभरच्या यादीत त्याला किती धोक्यात धरलंय ते. वर्ग सगळ्यात मोठा. साळिंदर सस्तन, म्हणजे पिलांना दूध पाजणारं; कांडेसर पक्षी. वर्गात गण, गणात कूळ.

"मंग आमच्यासारखंच," जानूबाबा म्हणाले. "आमची पन कुळं हायेत. मपलं कूळ, मंग जमात, मंग माणूस." आणि मला विचारलं, "पेंटरबाय, तुमचं कूळ काय?"

मी आडनाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण फारसं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.

जेवल्यावर मी सावरीच्या बुंध्यावरच्या चुन्याच्या खुणेबद्दल विचारलं. तेव्हा खरी गोष्ट कळली. पाड्यावर पिठाच्या गिरणीसाठी जास्त दाबाची वीज यायची होती. तारा सावरीच्या बाजूनं जाणार, त्यासाठी घरट्याचीच फांदी तोडायची ठरली होती. तारवाले आले, तर जानूबाबा झाडाखाली बसून राहिले.

"सगळा पाडा मला बोलला," ते म्हणाले. "पाखरासाठी गिरण अडवतो का म्हनले. मी सांगितलं, गार्ड मॅडम म्हनते हे पाखरू जगात कमी होत चाललंय. शुक्रवारी बोर्ड लागंल. तो वाचा, मंग बोला."

वाटेत मी सुनंदाला म्हटलं, "तू कायदा दाखवून थांबवू शकतेस ना?"

"शकते. पण मग पाड्याचा राग पाखरावर निघेल. पुढच्या वर्षी घरटं धरायच्या आधीच कोणीतरी झाड पेटवून देईल. मी इथंच जन्मले ताई, मला माहितीये. त्यांना पटायला पाहिजे."

गुरुवार

बुधवारचा सगळा दिवस चित्रांत गेला. पत्रा जानूबाबांच्या खळ्यावर दोन खांबांना टेकवला होता. साळिंदराचे दात आणि काटे काढताना मी खऱ्या दाताशी आणि काट्यांशी दहा वेळा ताडून पाहिलं. कांडेसराचं काळं अंग नुसत्या काळ्यानं मेलेलं दिसतं, त्यात निळा आणि थोडा जांभळा ओढावा लागला. पाड्यावरच्या बायका पाणी आणायला जाताना थांबायच्या, बघायच्या आणि जायच्या. एक म्हातारी मात्र पुन्हा पुन्हा यायची. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "पाय अजून लाल." मी लाल केले. तिचंच बरोबर होतं.

सुनंदा बुधवारी संध्याकाळी बैठकीसाठी जव्हारला गेली. जाताना मजकुराचा कागद देऊन गेली. तिनं मजकूर लिहून वर पाठवला होता, तो तिकडून टाइप होऊन शिक्का मारून आला होता. गुरुवारी सकाळी मी खडूच्या दोरीनं रेघा मारल्या, आधी शिरोरेघा ओढल्या आणि दुपारी तीनपर्यंत अक्षरं संपवली. वडील म्हणायचे, बोर्डाचा मजकूर नक्षीसारखा उतरवायचा, अर्थ वाचत बसलं की हात चुकतो. मी जन्मभर तसंच केलं. ब्रश धुऊन लांबून पाहिलं. खरं सांगते, इतका देखणा बोर्ड माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

यमुना भांडी घासून आली आणि मोठ्यानं वाचू लागली. जानूबाबा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. दोन रकाने होते. वर्ग, गण, कूळ नीट झालं. शेवटच्या ओळीवर यमुना आली.

"जगातली स्थिती. साळिंदर, संकटसमीप. कांडेसर, चिंता नाही."

"काय म्हनजे?" जानूबाबांनी विचारलं.

"संकटसमीप म्हणजे संकटाच्या जवळ आलेलं. आणि कांडेसराची चिंता नाही."

बाबा उठले. बोर्डाजवळ गेले आणि त्या अक्षरांकडे बघत राहिले, जणू वाचता येत असतं तर त्यांना वेगळं काहीतरी दिसलं असतं.

"मंग मी खोटा पडलो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. काठी घेतली आणि नदीकडे निघून गेले.

मी ब्रशांच्या पेटीकडे धावले. कागद पुन्हा पाहिला. मी कागदाबरहुकूमच रंगवलं होतं. तरीही ते माझ्या हातचं होतं, माझ्या उत्तम अक्षरात.

सुनंदा चारला आली. बोर्ड पाहून तिचा चेहरा फुलला, शेवटच्या ओळीवर आली आणि उतरला. ती बोलेपर्यंत मला समजलं होतं.

"शेवटच्या ओळीचे रकाने उलटे टाइप झालेत," ती म्हणाली. "कांडेसर संकटसमीप आहे. आधी तर त्याच्याही पुढच्या पायरीवर धरत होते, अलीकडे एक पायरी खाली आणला. साळिंदर जगात ठीक आहे, त्याची सध्या चिंता नाही." मग स्वतःवरच चिडल्यासारखी म्हणाली, "मी कागद आला तेव्हा वाचायला हवा होता. माझंच लिहिलेलं म्हणून नुसता शिक्का बघितला."

"मी वाचला असता तर मलाही कळलं असतं," मी म्हणाले. "पाखरू कमी होत चाललंय, हे बाबांनी मंगळवारीच सांगितलं होतं."

शुक्रवारी अकराला बोर्ड उघडायचा होता. वनखात्याचे साहेब येणार, सरपंच येणार, आणि तारवाल्यांचा मुकादमही येणार. यमुनानं सुचवलं की दोन ओळींवर कागद चिकटवावा. सुनंदाही क्षणभर तयार झाली. मी नको म्हटलं. कागद लावलेला बोर्ड पाहून माणूस आधी कागदाखाली काय आहे ते बघतो.

एवढ्या वर्षांत मी स्वतःचा बोर्ड पुसला नव्हता. रॉकेलचं फडकं घेऊन त्या ओळीला लावलं. ओली अक्षरं पसरली आणि पांढऱ्यावर काळपट डाग धरला. मग थांबण्यात अर्थ नव्हता. खालचा सगळा तक्ता पुसला. तक्त्याला पुन्हा पांढरा मारला. वाटेत सांडलेल्या डब्यात पुरेल इतकाच रंग उरला होता.

आता प्रश्न दवाचा. इथलं जानेवारीतलं दव म्हणजे सकाळी पत्र्यावरून पाणी ओघळतं. बोर्ड बाहेर ठेवला असता तर पांढरा वाळलाच नसता. सुनंदा पाड्यात गेली आणि सहा जणांना घेऊन आली. त्यातले दोघे, यमुनानं मला हळूच सांगितलं, बाबांना सगळ्यात जास्त बोलले होते. त्यांनी पत्रा उचलून बाबांच्या घरात नेला. कुडाच्या भिंतीला लावून चुलीकडे तोंड केलं, धूर लागू नये म्हणून मध्ये सुपं उभी केली.

जानूबाबा दिवेलागणीला परतले, तर त्यांच्या घरात अर्धा पुसलेला बोर्ड आणि सहा माणसं. सुनंदानं त्यांना सगळं सांगितलं. चूक कुठं झाली, कोणाची, आता काय करतोय. आपली चूक तिनं आधी सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं.

"म्हनजे कांडेसर कमी हाये, हे खरं?"

"खरं."

"आणि साळिंदराची चिंता नाय, तर मंग त्याला धरायला मोकळे?" त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं. सगळे हसले.

"नाही बाबा. ती यादी जगाची. कायदा आपला. कायद्यानं दोघांनाही हात लावायचा नाही. रताळ्यांचं नुकसान झालं तर मला सांगा, मी पंचनामा करते."

"मंग हे पन लिवा," बाबा म्हणाले. "नायतर लोक निस्तं 'चिंता नाही' वाचतील आणि फासे घेऊन जातील. आणि बाय, ते संकट-समीप कोनाला कळनार? मला पन यमुनाला इचारावं लागलं."

"मग काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. दाराकडे पाहिलं. "उंबऱ्यावर हाये म्हना. संकटाच्या उंबऱ्यावर. आत नाय गेलं, पन पाय उचललाय."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "शब्द कागदातलाच ठेवू, आणि खाली बाबांचं लिहू."

शुक्रवार

उजाडलं तेव्हा पांढरा वाळला होता, जेमतेम. पत्रा बाहेर आणायला वेळ नव्हता, घरातच दार उघडं टाकून लिहायला घेतलं. बाबा चुलीपाशी बसून होते. या वेळी मी प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिला. साळिंदर, वर्ग सस्तन, गण कृंतक, कूळ साळिंदरांचं. कांडेसर, वर्ग पक्षी, गण करकोच्यांचा, कूळ करकोच्यांचं. प्रत्येक ओळ झाली की सुनंदा मान हलवायची. शेवटच्या ओळीला बाबाही उठून जवळ आले. साळिंदर: चिंता नाही. कांडेसर: संकटसमीप, म्हणजे संकटाच्या उंबऱ्यावर. आणि खाली, दोन्ही रकान्यांना सांधून एक ओळ: दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. दहा वाजता मी ब्रश खाली ठेवला. अक्षरं गुरुवारच्या इतकी सुबक नव्हती. 'कृंतक'चा ऋकार थोडा घाईत गेलाय, तो मला अजून दिसतो.

बोर्ड वाटेच्या तिठ्यावर लागला. नारळ फुटला, साहेब दोन शब्द बोलले. मी मागे उभी होते. तारवाल्यांचा मुकादम तिथंच होता, नाशिककडचा, चाळिशीचा, घाईत. कार्यक्रम संपला तसा तो सुनंदाकडे न जाता थेट जानूबाबांकडे आला आणि म्हणाला, "बाबा, बोर्ड लागला. आता फांदीचं बोलू."

"आधी वाचा," बाबा म्हणाले. "मोठ्यानं. माझं लोक पन ऐकतील."

मुकादमानं वाचलं. आधी भरभर, मग सावकाश. 'संकटाच्या उंबऱ्यावर'पाशी थांबला आणि सावरीकडे पाहिलं. नेमका तेव्हाच नदीकडून नर आला की मादी, ते मला ओळखू येत नाही, पण दोघांपैकी एक आलं आणि वर चोचींचा कटकटाट सुरू झाला.

"पिल्लं आहेत होय," मुकादम म्हणाला. "हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगत व्हतो. तुमी मोजपट्टी धरत व्हता," बाबा म्हणाले.

मुकादमानं बोर्डाचा फोटो काढला, घरट्याचा नाही; सुनंदानं त्याला तेवढं सांगितलं. फोटो त्याच्या साहेबाला पाठवला आणि बराच वेळ फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला की दोन खांब रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला घेता येतील. खड्डे नव्यानं खणायचे, गिरणीला आठवडा उशीर होईल. आदल्या संध्याकाळी पत्रा उचलायला आलेल्यांत बाबांना सगळ्यात जास्त बोललेले जे दोघे होते, त्यांतला एक पुढे झाला. "खड्डे आम्ही खनतो," तो म्हणाला. त्याच दुपारी त्यांनी पहारी आणल्या.

सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. तिनं टोपी काढून पुन्हा घातली. "या पाड्यातली पहिली गार्ड मी," ती म्हणाली. "पण आज मला काही करावंच लागलं नाही." तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती. मला मुलगी नाही. असती तर तिच्या पदवीदानाला जसं वाटलं असतं तसं मला तेव्हा वाटलं.

शनिवार

परतीच्या आधी सुनंदानं मला जव्हार दाखवलं. शिरपामाळावर नेलं. महाराज इथं मुक्कामाला थांबले होते असं सांगतात, लांबून लोक बघायला येतात. आम्ही कराड-साताऱ्याकडची माणसं महाराजांना आपल्याच घरचे समजतो आणि बाकीच्यांना पाहुणे. माळावर उभी राहून खालचे डोंगर पाहताना मला त्या समजुतीची थोडी लाज वाटली. सुनंदा ज्या सहजतेनं "आमच्याकडे महाराज राहिले होते" म्हणाली, ती सहजता माझ्यापेक्षा कमी नव्हती.

पिशवी घ्यायला पाड्यावर परत आलो तेव्हा दुपार कलली होती. शनिवार असल्यानं दाभोशाचा धबधबा पाहायला जाणारी एक गाडी तिठ्यावर थांबली होती. नवरा-बायको आणि त्यांच्यासोबत आणखी दोघं, मुंबईकडची. बोर्डापाशी जानूबाबा उभे होते. काठीचं टोक त्यांनी पहिल्या ओळीखाली धरलं होतं आणि ते वाचून दाखवत होते.

मी आणि सुनंदा गाडीवरच थांबलो. बाबांची काठी ओळीओळीनं खाली सरकत होती. साळिंदर, वर्ग सस्तन, गण कृंतक. 'कृंतक' त्यांनी माझ्यापेक्षा नीट म्हटलं. मग उजवा रकाना. पक्षी. करकोचा. संकटसमीप. मग शेवटची ओळ. काठी एकदाही चुकीच्या ओळीवर गेली नाही.

यमुनानं नंतर सांगितलं, आदल्या संध्याकाळी त्यांनी तिच्याकडून बोर्ड पाच-सहा वेळा म्हणवून घेतला होता.

त्या बाईंना काय वाटलं कोण जाणे. बाबांचं फडकं, अनवाणी पाय पाहून त्या कौतुकानं म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला वाचता येतं?"

"नाय," जानूबाबा म्हणाले. "वाचायला कशाला लागतं? मपल्याच घरचं लिवलंय."